आधी घरचं दुखणं

(मिरजेत भगिनी मंडळाच्या सभेत केलेले भाषण. बोलीभाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पाळकसाहेबांनी मला पाड्यावरच्या कामाबद्दल बोलायला सांगितलं आहे. ते सांगतेच, पण आज त्याच्याबरोबर माझ्या घरचंही थोडं सांगणार आहे. आमच्या ह्यांना विचारूनच उभी राहिले आहे. ते मागच्या बाकावर बसलेत.

आपण कातकरी कुटुंबांत जातो ते जावळी आणि वाईकडच्या डोंगराच्या पायथ्याला. पावसाळ्यात हातात पैसा नसतो, तेव्हा मुकादमाकडून उचल घेतात. दिवाळी झाली की वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला जातात आणि पाऊस पडायच्या आधी परततात. अशाच एका पाड्यावर तीन वर्षांपूर्वी मला एक बाई भेटली. वय असेल तिशीच्या आत. भट्टीवरून आल्यापासून ती झोपत नव्हती, लेकराला जवळ घेत नव्हती, चुलीपुढं नुसती बसून राहायची. नवरा रोज पिऊन यायचा. घरच्यांनी भगताकडे नेलं होतं. त्यानं बाहेरचं आहे म्हणून सांगितलं आणि लिंबाच्या फोकानं मारलं. वळ मी स्वतः पाहिले. भूत उतरवायच्या नावानं माणसाला मारणं हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे पाड्यावर कुणाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्या टीममध्येही निम्म्यांना नव्हतं.

तिला घेऊन आम्ही सातारला सिव्हिलमध्ये गेलो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तिथं तपासणी होते, औषधं मिळतात. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे, आजार आहे. गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. बरं वाटलं म्हणून मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत. मग शेजारच्या खोलीत समुपदेशक बाईंनी दोघा नवराबायकोला बसवलं. दुभाष्यासारखी मी मागं उभी. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "दारू न पिता तुम्ही हिच्याशी शेवटचं कधी बोललात?"

तो खाली बघत राहिला. आणि मागं उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

कारण आमच्या घरात त्या वेळी आठ महिने बोलणं नव्हतं. हे एस.टी.त मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर मला न सांगता भावाच्या कर्जाला जामीन राहिले. कर्ज थकलं, बँकेची नोटीस आली ती माझ्या हातात पडली. तेव्हापासून "जेवण वाढलंय" आणि "गॅस संपलाय", एवढाच संसार. रविवारी मात्र एकाच बाकावर बसून एकाच पुस्तकातून गीत म्हणायचो. तुमच्यापैकी कित्येक जणी उपासना झाल्यावर म्हणायच्या, किती छान जोडी आहे. मला रात्री छातीत धडधड व्हायची, पहाटे तीनला जाग यायची. ईसीजी दोनदा काढला, दोन्ही चांगले आले.

मी एका वडीलधाऱ्या बाईंना हे सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, प्रार्थनेत कमी पडतेस. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्यानंतर मी वर्षभर कुणाला काही सांगितलं नाही. प्रार्थना मी तेव्हाही करत होते, आजही करते. एलीया संदेष्टा आठवा. तो झुडपाखाली जाऊन बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. त्या क्षणी त्याला कुणी विश्वासाचा उपदेश केला नाही. दूतानं त्याला उठवलं, भाकर दिली, पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, तर झोपू दिलं आणि पुन्हा खायला घातलं. पुढची वाट, पुढचं काम त्यानंतर.

आणि आपण तर मिरजेची माणसं! डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथं हॉस्पिटल उभं केलं. क्षयाच्या रोग्याला गावात कुणी जवळ करत नव्हतं, तेव्हा त्यांच्यासाठी वॉन्लेसवाडीला आरोग्यधाम झालं. मी त्याच हॉस्पिटलात नर्सिंग शिकले. क्षयाला लाजायचं नाही, हे मला विशीत कळलं. मनाच्या आजाराला लाजायचं नाही, हे कळायला साठी आली.

सांगलीत एका समुपदेशकांकडे जायचं ठरवलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी काय वेडा आहे?" म्हणून पहिले तीन वेळा मी एकटीच गेले. एकटं गेलं तरी चालतं, हे मुद्दाम सांगते. जिना चढताना मंडळीतलं कुणी बघत नाही ना, म्हणून दोनदा मागं वळून पाहिलं.

आत काय होतं, ते सांगते, कारण मला त्याचीच भीती होती. साधी खोली, दोन खुर्च्या, पाऊण तास. आधी त्यांनी सांगितलं की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. फक्त जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगावं लागतं. मग झोप, भूक, घरात कोण कोण, त्रास कधीपासून, मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारलं. मी म्हटलं, येतात. हे वाक्य मी तोपर्यंत कुणापुढं उच्चारलं नव्हतं. त्या घाबरल्या नाहीत, रागावल्या नाहीत. मला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. समुपदेशक बोलून उपचार करतात आणि औषध लागलं तर ते डॉक्टर देतात, हा फरक मला नर्स असूनही नीट माहीत नव्हता. सहा महिने गोळी घेतली.

चूक कुणाची, हा निकाल त्या देतील असं मला वाटत होतं. मी नोटिशीची झेरॉक्ससुद्धा नेली होती! त्यांनी ती बघितलीच नाही.

चौथ्या वेळी हे आले. का आले, ते अजून नीट सांगत नाहीत. दोघांना मिळून एक काम दिलं. रोज रात्री दहा मिनिटं एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड उघडायचं नाही, मग उलट. पहिल्या रात्री हे दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. पाचव्या की सहाव्या रात्री म्हणाले, "भावाला नाही म्हणायला मला लाज वाटली आणि तुला सांगायला भीती." चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला भितो, हे मला ठाऊक नव्हतं. पैसे काही परत आले नाहीत. अजूनही भांडतो.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जिथं मारहाण आहे, तिथं दोघांना समोरासमोर बसवून सुरुवात करायची नसते. आधी त्या बाईची सुरक्षितता. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. कुणाच्या घरात हे चालू असेल तर तिला "अधीन राहा" म्हणून परत पाठवू नका.

मनावर ताण आला, जगू नये असं वाटलं, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन ही संस्था व्यसनमुक्तीचं आणि मानसिक आरोग्याचं काम करते. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला त्याला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची, असं ठरलं आहे. आपल्याकडे मात्र अशा घरी आजही कुणी चहाला जात नाही.

पाड्यावरची ती बाई आता बरी आहे. वर्षभर औषध घेतलं. नवऱ्याची दारू दोनदा सुटली आणि दोनदा लागली, सध्या बंद आहे. यंदा ते भट्टीवर गेले नाहीत, कारण उचल घेतली नाही. पावसाळ्यात तुम्ही पाठवलेल्या धान्यावर त्या पाड्यातली चार घरं तगली. पुढचा खर्च आहे तो सातारला जायच्या भाड्याचा आणि बुडालेल्या रोजाचा. औषध फुकट असलं, तरी एस.टी.चं तिकीट आणि एक दिवसाची मजुरी यापायी दुसरी खेप चुकते, आणि दुसरी खेप चुकली की माणूस पुन्हा भगताकडे जातो. सध्या सात जणांना महिन्यातून एकदा न्यायचं आहे.

येत्या मंगळवारी आम्ही दोघं जाणार आहोत. हे पहिल्यांदाच पाड्यावर येताहेत. त्या नवऱ्याशी मी बोलतो, म्हणाले.