फुटलेली कांच सुटत कां नाहीं?

चाकणच्या रस्त्यावर धांवत्या मोटारीच्या पुढील कांचेवर खडा आदळला, तर कांचेवर कोळ्याचें जाळें उमटतें. परंतु तुकडे आंतल्या माणसांच्या डोळ्यांत उडत नाहींत. कारण ती कांच एक नसून दोन असतात, आणि दोहोंच्या मध्यें सुमारें पाऊण मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पापुद्रा असतो. चाकणजवळ कुरुळी येथें सेंट-गोबेन सेक्युरिटच्या कारखान्यांत अशा कांचा तयार होतात.

पापुद्र्याचें नांव पॉलिव्हिनाइल ब्युटिरल. रसायनशास्त्रांत त्याची गणना अ‍ॅसिटल कुळांत होते. एकाच कर्बपरमाणूला दोन ऑक्सिजन एकेरी बंधांनीं जोडलेले, ही या कुळाची खूण.

ही सोयरीक जुळते कशी? एका बाजूला पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची लांबलचक साखळी. तिच्या अंगावर ठिकठिकाणीं हायड्रॉक्सिल गट लोंबतात. दुसऱ्या बाजूला ब्युटिरॅल्डिहाइड हा उग्र वासाचा द्रव. मध्यस्थ आम्ल. आम्लाचा प्रोटॉन अल्डिहाइडच्या ऑक्सिजनवर बसतो, त्यामुळें शेजारचा कर्ब इलेक्ट्रॉनांसाठीं आसुसतो, आणि साखळीवरील एक ऑक्सिजन त्याला बिलगतो. हें झालें हेमिअ‍ॅसिटल. पुष्कळ विद्यार्थी येथें घाई करून दुसरा ऑक्सिजन लागलाच जोडून देतात. पण कर्बाजवळ जागा कोठें आहे? आधीं अल्डिहाइडच्या मूळ ऑक्सिजननें निघालें पाहिजे, आणि हायड्रॉक्साइडच्या रूपानें तो सहसा निघत नाहीं. त्यावर आणखी एक प्रोटॉन बसला म्हणजे मात्र तो पाणी होऊन बाहेर पडतो. मोकळ्या जागीं साखळीवरचा शेजारी ऑक्सिजन येतो व सहा परमाणूंचें कडें पुरें होतें. आम्लाला त्याचा प्रोटॉन परत मिळतो.

प्रत्येक पायरी उलटहि फिरते. म्हणून एरवीं प्रयोगशाळेंत पाणी काढून टाकावें लागतें. येथें तर सारें काम पाण्यांतच चालतें! तयार झालेलें ब्युटिरल पाण्यांत विरघळत नाहीं, तें स्वतःच सांक्याच्या रूपानें बाजूला होतें.

जोड्या जुळतांना कांहीं गट एकाकी राहतात. पॉल फ्लोरी यांनीं 1939 मध्यें गणित मांडलें: जोड्या योगायोगानें व कायमच्या जुळल्या, तर शेंकडा सुमारें 13.5 गट उरतात. हे उरलेलेच कांचेला घट्ट धरतात. मात्र पकड फार घट्ट झाली, तर आघाताच्या वेळीं पापुद्रा ताणला न जातां फाटतो, आणि डोकें आरपार जाण्याचा धोका असतो. म्हणून पोटॅशियम वा मॅग्नेशियमचे क्षार किंचित् घालून ती पकड बेताची सैल करतात.