आडून बोलणं आणि साहेबांचे कान

ऑफिसात माणसं वेगवेगळ्या तऱ्हेने का बोलतात, यावर बोला असं आकाशवाणीने सुचवलं. कोणी तोंडावर बोलतं, कोणी आडून. स्वभाव असतो, घरचं वळण असतं, पण खरा जोर खुर्चीचा. तोच कारकून शिपायाला म्हणतो, ‘फाईल आण’ आणि साहेबांना, ‘सर, तेवढं एकदा नजरेखालून घालता का?’ माणूस तोच, समोरची खुर्ची बदलली. ब्राउन आणि लेव्हिन्सन या अभ्यासकांनी हेच मांडलं: समोरच्याचा अधिकार मोठा, ओळख कमी आणि मागणं जड, तितकं बोलणं वळणाने जातं.

साध्या दिवशी यात काही बिघडत नाही. पण २७ मार्च १९७७ चं, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचं विमानतळ पाहा. दाट धुकं. केएलएम या विमान कंपनीच्या जम्बोचे कॅप्टन व्हान झांटेन हे कंपनीत वैमानिकांना शिकवणारे, बडं प्रस्थ. शेजारच्या सहवैमानिकाची हे विमान चालवण्याची परीक्षा त्यांनीच दोनेक महिन्यांपूर्वी घेतलेली. कॅप्टननी घाई केली तेव्हा सहवैमानिकाने एकदा अडवलं, अजून परवानगी मिळालेली नाही म्हणून. दुसऱ्यांदा मात्र त्याने अडवलं नाही. त्याच धावपट्टीवर पॅन ॲम कंपनीचं दुसरं जम्बो होतं. विमान धावू लागल्यावर मागून फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते पॅन ॲमचं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाही का? ऐका हं, विचारलं. ‘थांबा’ म्हटलं नाही. कॅप्टन ठामपणे म्हणाले, हटलंय की. काही सेकंदांत दोन जम्बो एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली.

कारणं आणखीही होती. रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळले, धुकं तर होतंच. पण शंका प्रश्नाच्या वेषात आली, ही गोष्ट विमानवाल्यांनी मनावर घेतली. पुढे कनिष्ठांना शिकवलं जाऊ लागलं: नाव घेऊन हाक मारा, धोका सांगा, काय करायचं तेही सांगा. आणि कॅप्टननाही ऐकायला शिकवलं. हे दुसरं महत्त्वाचं. पुन्हा सांगतो, हे दुसरं महत्त्वाचं.

कारण आपल्याकडे ‘स्पष्ट बोलत जा’ हा उपदेश नेहमी खालच्यालाच. साहेब मीटिंगमध्ये विचारतात, ‘काही शंका?’ आणि विचारता विचारता कागद गोळा करून उठतात. मग शंका निघते चहाच्या टपरीवर. अहो, दोन मिनिटं बसा की! सगळ्यात नवख्या माणसाला आधी बोलू द्या, तुमचं मत शेवटी सांगा. तुम्ही आधी बोललात की बाकीचे माना डोलावतात.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच्या नुसत्या अंगठ्यांबद्दलही बोलायचं होतं, पण काचेपलीकडून खूण झाली आहे.