गाडी भंगारात, नाव कागदावर

 

आज बोलायचंय ते गोठ्यामागं उभ्या असलेल्या जुन्या गाडीबद्दल. टायर बसलेली मोटारसायकल, गवतात बुडालेली वडापची जीप, कोंबड्या अंडी घालतात तो टेम्पो. अशी एखादी गाडी वाडी-वस्तीवर दिसतेच. मग एक दिवस भंगारवाला येतो, चार पैसे हातावर ठेवतो आणि गाडी घेऊन जातो. आपण म्हणतो, अडगळ गेली. पण ती फक्त अंगणातून गेली. सरकारदरबारी ती अजून आपल्याच नावावर उभी असते.

सातबारा आपल्या सगळ्यांना कळतो. जमीन विकली, पैसे घेतले, पण फेरफार झाला नाही तर नाव कुणाचं राहतं? जुनंच. गाडीचंही तसंच आहे. आरसी बुक हा गाडीचा सातबारा. त्यावरचं नाव कमी होत नाही, तोवर मालक तुम्हीच.

यात धोका काय? ती गाडी भंगारवाल्यानं मोडलीच नाही, किरकोळ दुरुस्ती करून दुसऱ्याला विकली, आणि त्यानं हायवेला कुणाला उडवलं, तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच खटला होता. मूळ मालकानं गाडी २००७ मध्ये विकली होती, पुढं ती आणखी काही जणांच्या हातात गेली, २००९ मध्ये अपघात झाला. पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती. न्यायालयानं सांगितलं, ज्याचं नाव नोंदणीत, तोच कायद्यानं मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. वेगाचे, सिग्नलचे दंडही त्याच नावावर येतात.

आता हे बायकांना का सांगायचं? कारण गाडी बहुतेक घरांत नवऱ्याच्या, दिराच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असते, आणि निस्तरायची वेळ आपल्यावर येते. माणूस गेला की दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत आरसी बुक कुठं आहे हेही कुणाला आठवत नाही. पुढं कुणीतरी पाहुणा गाडी घेऊन जातो आणि कागद तसाच राहतो. कायदा असा आहे की मालक वारला तर ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं, आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करायचा अर्ज द्यायचा. मृत्यूचा दाखला काढता तेव्हा त्याची एक जादा प्रत या कामासाठी बाजूला ठेवा. आणि एक सोय अनेकींना माहीत नाही. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो. बँकेच्या खात्याला लावतो तसाच. मालक हयात असतानाच हे करून घेतलं की पुढची धावपळ वाचते.

गाडी चालू स्थितीत विकली तर फॉर्म २९ आणि ३० भरायचे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं. नुसत्या स्टँपपेपरवरच्या लिखापढीनं नाव उतरत नाही. गाडी जळाली किंवा चुराडा झाला, तरी १४ दिवसांत कळवून आरसी जमा करायची.

आणि गाडी मोडीतच काढायची असेल तर? त्यासाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम केले. नोंदणी झालेल्या स्क्रॅप केंद्रातच गाडी द्यायची. केंद्र आधी पाहतं की गाडी चोरीची नाही ना, तिच्यावर बँकेचा बोजा नाही ना. फायनान्सचं कर्ज फिटलं असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र घेऊन बोजा आधी उतरवून घ्या. गाडी ताब्यात घेतल्यावर केंद्र ठेव प्रमाणपत्र देतं आणि मोडून झाल्यावर मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र. चासी नंबरचा तुकडा कापून केंद्राला सहा महिने सांभाळावा लागतो, म्हणजे तो नंबर दुसऱ्या गाडीला चिकटवता येत नाही. मग नोंदणी रद्द होते. हे दोन्ही कागद रेशनकार्डासारखे जपा. ठेव प्रमाणपत्रावर नवीन गाडी घेताना नोंदणी फी माफ होते, करातही सवलत असते.

पैसे किती मिळतील? धोरणात अंदाज दिला होता तो तशाच नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के. म्हणजे ८० हजारांच्या मोटारसायकलला साधारण ३२०० ते ४८०० रुपये. भंगारवाला कदाचित जास्त देईल, पण तो नाव उतरवून देणार आहे का, हे आधी विचारा.

एक अफवाही पसरली आहे. “१५ वर्षं झाली, आता सरकार गाडी उचलून नेणार, आत्ताच देऊन टाका.” असं सांगून भाव पाडले जातात. दिल्लीकडं वयाचे वेगळे निर्बंध आले, त्यावरून ही भीती पसरली. आपल्याकडं खासगी गाडीला १५ वर्षांनी तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून पुढं पाच वर्षं नोंदणी वाढवून मिळते. गाडी चांगली असेल तर घाईनं विकू नका. सरकारी गाड्यांचं वेगळं आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवत नाहीत, एसटी बसही त्यात आल्या.

पण नोंदणीच संपली आणि ती वाढवायची नाही, किंवा गाडी तपासणीत नापास झाली, तर तिला दारात वर्षानुवर्षं ठेवता येणार नाही. १ एप्रिल २०२५ पासूनच्या पर्यावरणाच्या नियमांप्रमाणे अशी गाडी १८० दिवसांच्या आत अधिकृत केंद्रात द्यायची आहे. शेतीचे ट्रॅक्टर, त्यांच्या ट्रॉल्या, पॉवर टिलर आणि मळणीचे हार्वेस्टर या नियमातून वगळलेत. मात्र ट्रॅक्टर विकला तर नाव बदलायलाच हवं.

या नियमामागं कारण आहे. जुन्या बॅटरीत शिसं आणि आम्ल असतं, इंजिनात काळं तेल. पोरं बॅटरी फोडतात, तेल ओघळीत सांडतं, आणि ओघळ पुढं नीरेला किंवा गुंजवणीला मिळते. तेच पाणी आपण हंड्यात भरतो.

तर येत्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की अर्धा तास यासाठी ठेवा. प्रत्येकीनं घरातल्या गाड्यांची आरसी घेऊन यायचं. वहीत चार रकाने आखा : गाडी कुणाच्या नावावर, नोंदणी कधी संपते, बोजा आहे का, नॉमिनी लावलाय का. विकून टाकलेल्या गाड्याही लिहा, त्यांचं नाव उतरलं का ते पाहा. एम परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की बरंच कळतं, गटातल्या कुणाच्या मुलीला कामाला लावा. अधिकृत केंद्रांची यादी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आहे. आणि पुण्याला आरटीओत जायची वेळ आलीच, तर तिघी-चौघी मिळून जा. भाडंही वाटून जाईल, आणि खिडकीवर विचारायला धीरही येईल.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.