वळण तोडू नका

श्रोतेहो, श्रावण लागला की बुलढाण्याच्या डोंगरात माणसांची रीघ लागते. कुणी गिरड्याच्या महादेवाला निघतं, कुणी राजूर घाटात नुसतंच हिरवं रान पाहायला. जरूर जा. माझं सांगणं एकच आहे, पायवाटेचं वळण तोडू नका.

अजिंठ्याच्या रांगेतले आपले हे डोंगर काही छाती दडपणारे नाहीत. म्हणून पोरांना वाटतं, कशाला एवढा फेरा, सरळच चढू. अरे बाबांनो, गुराख्यांनी आणि बैलांनी पाडलेल्या जुन्या वाटा उतारावरून आडव्या जातात, त्या उगीच नाही. सरळ वाटेनं माणूस लवकर पोचतो, तसं पाणीही. आधी नाली पडते, मग घळ.

कवेलूच्या घरात राहिलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको. छपरावरून माकड गेलं, एक कवेलू सरकलं. उन्हाळ्यात पत्ता लागत नाही. मृगाचा पाऊस आला की पाणी नेमकं तिथूनच घरात, मग वासा कुजतो, भिंतीला ओल येते. डोंगरावरचं गवत, सागाचा पाचोळा, धावड्या-सालईची मुळं ही सगळी कवेलूच. घराची कवेलू आपण दरसाल फेरतो. डोंगराची कोण फेरणार?

आणि माती जाते कुठं? घाटावर आणि घाटाखाली हे आपले दोन मुलूख. घाटाखाली उतरणारं पाणी नळगंगा, ज्ञानगंगेतून पूर्णेला, पुढे तापीनं अरबी समुद्राला. इकडे मढजवळ उगम पावणारी पैनगंगा वर्धेला मिळून गोदावरीच्या वाटेनं बंगालच्या उपसागराला. एवढासा डोंगर दोन समुद्रांना पाणी वाटतो! आणि तुम्ही तोडलेल्या वळणाची माती त्या पाण्याबरोबर जाऊन धरणांच्या तळाशी बसते.

बोथ्याच्या बाजूला ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सुमारे 205 चौरस किलोमीटरचं. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. 2019 साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, तेराशेच्या आसपास किलोमीटर चालून इथंच येऊन पोचला होता. अस्वलं तर इथली घरचीच. दिवसा ती झुडपात, कपारीत पडून असतात, म्हणजे तुम्ही वळण तोडून जिथून घुसता तिथंच. ठरलेल्या वाटेवर माणूस येणार हे जनावराला ठाऊक असतं. आडरानात ते दचकतं, आणि दचकलेलं अस्वल पळेलच असं नाही, अंगावरही येतं. म्हणून पुन्हा सांगतो, वळण तोडू नका.

अंबाबरव्याच्या आणि जळगाव जामोदकडच्या मैलगडाच्या वाटांबद्दलही बोलायचं होतं. तो सातपुडा, तिथली चाल निराळी. पण वेळ संपत आली. निदान एवढं करा, वाट माहीत असलेला गावचा माणूस पुढं ठेवा, लेकरं मधे, आणि सगळ्यांत मागं असा कुणीतरी, जो वळण तोडणाऱ्याला परत वाटेवर आणील.