माणसाची चाल

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ज्या वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तिच्यासारख्या एखाद्या सार्वजनिक व्यासपीठावर सबंध दिवस ‘गती’ या एकाच विषयाला वाहून इतिहास, साहित्य आणि समाज यांच्या अभ्यासकांनी सामान्य श्रोत्यांशी संवाद साधावा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. तिथे मेंढरांमागे घाट ओलांडणाऱ्या धनगरांची वाट असावी, तंजावरास जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची कैफियत असावी. परंतु पहिला मान मी वरसईच्या विष्णुभट गोडसे यांस देईन.

घरचे कर्ज फिटावे आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळावी, एवढ्याच हेतूने १८५७ साली चुलत्यासह उत्तर हिंदुस्थानच्या मुलुखाकडे निघालेला हा भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्यात शहराची लूट आणि कत्तल त्याने प्रत्यक्ष पाहिली, आणि मिळवलेले द्रव्य लुटले गेल्यावरही आईवडिलांच्या स्नानासाठी गंगोदकाची कावड खांद्यावरून घरी आणली. सरकारी दप्तरांत पलटणींच्या हालचाली सापडतात. वाटेतली भूक, भय आणि मुक्कामावरचा आसरा मात्र त्याच्या ‘माझा प्रवास’ या प्रवासवृत्तातच भेटतो. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली तो ग्रंथ फेरफार करून छापला, आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. जिज्ञासूंनी ती मूळ प्रतच वाचावी, असा माझा आग्रह आहे.