नाव मोठे आणि लक्षणही खरे : उमरेडचा लघुउद्योग व विनामूल्य साधने

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरमध्ये रेशमी काठाच्या सुती कापडाचे हातमागावरील विणकाम हा उमरेडचा प्रमुख व्यवसाय म्हणून नोंदलेला आहे. गावाचे नाव अशा रीतीने ग्रंथात राहिले; परंतु ते कापड ज्या घरांतून विणले गेले त्या घरांची नावे त्या नोंदीत नाहीत. माल उत्तम असणे ही एक गोष्ट आणि तो कोणाचा आहे हे ग्राहकास ठाऊक असणे ही दुसरी गोष्ट होय. या दुसऱ्या गोष्टीलाच आजच्या व्यापारी भाषेत ‘ब्रँड’ आणि मराठीत ‘नाममुद्रा’ असे म्हणतात.

नाममुद्रा म्हणजे केवळ रंगीत वेष्टन किंवा आकर्षक बोधचिन्ह नव्हे. ‘या नावाचा माल मागच्या वेळी जसा होता, तसाच या वेळीही असेल’ असे जे वचन उत्पादक ग्राहकास देतो, त्या वचनाची खूण म्हणजे नाममुद्रा. ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ ही म्हण मराठी माणसाने अनुभवावरूनच घडविली आहे. नाव मोठे करण्याची साधने आज विनामूल्य मिळतात. लक्षण खरे ठेवण्याचे काम मात्र पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले आहे.

लिज्जतचा धडा

15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्या काळी त्यांच्या हाती संगणक नव्हता, की जाहिरातीसाठी पैसा नव्हता. सुरुवातीस त्यांनी दोन प्रतींचे पापड केले. हलक्या प्रतीचा माल स्वस्तात विकावा असा हेतू होता. परंतु एकच उत्तम प्रत ठेवावी व तिच्याशी तडजोड करू नये, असा सल्ला त्यांना मार्गदर्शकांकडून मिळाला आणि त्यांनी तो मानला. ‘लिज्जत’ हे नाव आले ते 1962 मध्ये, तेही सभासदांतून सुचविले गेलेले. म्हणजे आधी तीन वर्षे मालाची प्रत स्थिर झाली आणि नंतर तिला नाव मिळाले. साधने बदलली तरी हा क्रम बदललेला नाही. ज्या मसाल्याची चव दर महिन्यास बदलते, त्याची छायाचित्रे हजारो लोकांपर्यंत पोहोचविल्याने हजारो लोकांची निराशाच तेवढी होईल.

उमरेडची अनुकूलता

नागपूरपासून सुमारे 45 किलोमीटरवर वसलेल्या उमरेडला बाजारपेठेची उणीव नाही. नागपूरसारखे महानगर जवळ आहे. कोळसा खाणीमुळे नोकरदार वस्ती आहे. 2012 मध्ये घोषित झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यामुळे बाहेरगावचे पर्यटक या मार्गाने येतात. लगतच्या भिवापूर तालुक्याची मिरची तर भौगोलिक मानांकन मिळविलेले पीक आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीसही तसेच मानांकन लाभले आहे. मिरचीपूड, हळद, पापड, लोणची, शिवणकाम, पर्यटकांसाठी घरगुती भोजन असे कितीतरी उद्योग येथे बचत गटांना व तरुणांना करता येण्यासारखे आहेत. प्रश्न आहे तो एवढाच की, अनोळखी ग्राहकाने या मालावर विश्वास का ठेवावा?

नावाची निवड

पहिले काम नाव ठरविण्याचे. नाव उच्चारण्यास सोपे, मराठीत स्पष्ट लिहिता येणारे आणि दुसऱ्या कोणाचे नसलेले असावे. या शेवटच्या अटीसाठी पहिले विनामूल्य साधन उपयोगी पडते. भारत सरकारच्या व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पूर्वी नोंदलेली नावे कोणासही शुल्क न देता शोधता येतात. पाटी रंगविण्यापूर्वी व वेष्टने छापण्यापूर्वी हा अर्ध्या तासाचा शोध घेतल्यास पुढील वाद टळतो.

नुसते ‘उमरेड मसाले’ असे नाव घ्यावे असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु गावाचे नाव आणि वस्तूचे वर्णन एवढ्यावरच उभ्या असलेल्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळणे कठीण असते. कारण त्या गावातील प्रत्येक व्यापाऱ्यास ते शब्द वापरावे लागतात. त्यापेक्षा एखादा वेगळा शब्द निवडून त्याखाली ‘उमरेड, जिल्हा नागपूर’ असे लिहावे.

‘भिवापुरी मिरची’ या शब्दांविषयी तर विशेष सावधगिरी हवी. भौगोलिक मानांकन हे त्या प्रदेशातील उत्पादकांचे सामूहिक धन आहे. ते नाव वापरू इच्छिणाऱ्या उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घेणे हाच योग्य मार्ग होय. दुसऱ्या प्रांतातून आणलेली मिरची कुटून तीवर भिवापूरचे नाव घालणे हा 1999 च्या अधिनियमानुसार दंडनीय अपराध तर आहेच, शिवाय तो शेजारच्या शेतकऱ्याच्या श्रमाचा अपहारही आहे.

विनामूल्य साधने कोणती?

नाव ठरल्यावर नकाशावरील नोंद करावी. गुगल या कंपनीच्या ‘बिझनेस प्रोफाइल’ या सोयीत दुकानाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, वेळ व छायाचित्रे विनाशुल्क नोंदविता येतात. नोंद खऱ्या मालकाचीच आहे याची पडताळणी झाल्यावर ती ग्राहकांना नकाशावर दिसू लागते. पाटीवर जे नाव असेल तेच येथे लिहावे. ‘सर्वोत्तम’, ‘स्वस्त’ अशी विशेषणे नावात घुसडणे नियमास धरून नाही. गिऱ्हाईक घरी येत नसेल, तर घरून काम करणाऱ्या भगिनींना घराचा पत्ता लपवून केवळ सेवेचे क्षेत्र दाखविण्याची मुभा आहे.

येथे उमरेडकरांनी एक बारकावा ध्यानी घ्यावा. रोमन लिपीत या गावाचे नाव दोन प्रकारे लिहिले जाते. तहसीलच्या नावात शेवटी ‘ड’चे अक्षर येते, तर रेल्वे स्थानक व कोळसा क्षेत्र यांच्या नावांत ‘र’चे. बाहेरचा ग्राहक कोणत्याही प्रकारे शोध घेऊ शकतो. यास्तव पत्ता एकाच पद्धतीने लिहून, व्यवसायाच्या वर्णनात दुसऱ्या प्रकारचा उल्लेख करावा आणि मराठी नाव देवनागरीत अवश्य द्यावे.

दुसरे साधन ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’. 2018 मध्ये सुरू झालेल्या या सोयीत वस्तूंची सचित्र सूची, किंमत, कामाची वेळ आणि नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरे ठेवता येतात. मिरचीपुडीचे छायाचित्र सकाळच्या उजेडात, साध्या पांढऱ्या कापडावर काढले तरी पुरते. छायाचित्र आपल्याच मालाचे असावे. इंटरनेटवरून उचललेले सुंदर चित्र हे पहिले खोटे लक्षण होय.

तिसरे साधन अक्षरांचे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने देवनागरीतील सुबक अक्षररूपे मुक्त परवान्याखाली उपलब्ध केली आहेत. ती विनामूल्य घेऊन व्यावसायिक कामासाठी वापरता येतात. ‘कॅनव्हा’सारख्या संकेतस्थळांच्या विनाशुल्क विभागात वेष्टनावरील चिठ्ठी व जाहिरातपत्रके तयार करता येतात. एक रंग, एक अक्षररूप आणि एकच बोधचिन्ह ठरवून पाटी, पिशवी, पावती व मोबाइल या सर्व ठिकाणी तेच वापरावे. तयार नमुन्यांतील चित्र बोधचिन्ह म्हणून घेऊ नये. तेच चित्र दुसऱ्या शंभर जणांनीही घेतलेले असू शकते.

चौथे साधन पैसे स्वीकारण्याचे. 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीमुळे छोट्या दुकानदारास क्यूआर चिन्हाद्वारे थेट बँक खात्यात रक्कम घेता येते. पैसे देताना ग्राहकाच्या पडद्यावर जे नाव उमटते, ते पाटीवरील नावाशी जुळले तर त्याची शंका फिटते. म्हणून बचत गटाने सभासदाचे वैयक्तिक खाते न वापरता गटाच्या नावाचे खाते वापरावे.

ग्राहकाचा अभिप्राय

या साधनांनी एक नवी गोष्ट घडवून आणली आहे. पूर्वी ग्राहकाची नाराजी चार घरांत बोलली जाई. आता ती नकाशावरील नोंदीखाली सर्वांना वाचता येते. तिला भिण्याचे कारण नाही. ‘पुडी ओलसर निघाली’ अशा तक्रारीस ‘चूक मान्य आहे, पुडी बदलून देण्यात येईल’ असे सभ्य उत्तर एका दिवसात मिळाले, तर ते वाचणाऱ्या नव्या ग्राहकाचा विश्वास वाढतोच. आप्तेष्टांकडून खोटी स्तुती लिहवून घेणे किंवा सवलतीचे आमिष दाखवून अभिप्राय मिळविणे मात्र सर्वथा टाळावे. इंटरनेटवरील ग्राहक अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले आहे, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे.

विनामूल्य म्हणजे स्वतःचे नव्हे

दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेले दुकान जसे मालकाच्या मर्जीवर चालते, तद्वतच या साधनांचे आहे. जून 2020 मध्ये केंद्र शासनाने 59 परदेशी अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यांत ‘टिकटॉक’ही होते. ज्यांचा सारा ग्राहकवर्ग तेथेच होता, त्यांचा संपर्क एका रात्रीत तुटला. गुगलने व्यवसायांना दिलेली विनामूल्य छोटी संकेतस्थळे मार्च 2024 मध्ये बंद करण्यात आली. या दोन्ही घटनांचा बोध एकच : ग्राहकांची यादी उद्योजकाच्या स्वतःच्या वहीत असली पाहिजे. नाव, गाव, दूरध्वनी आणि शेवटच्या खरेदीची तारीख एवढी चार रकान्यांची वही कोणतीही कंपनी बंद करू शकत नाही. ही माहिती ग्राहकाच्या संमतीने घ्यावी आणि ती दुसऱ्यास देऊ नये.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. पुष्कळदा खाते उघडून देणारा कोणी भाचा, विद्यार्थी किंवा संगणक केंद्राचा चालक आपलाच ई-मेल व क्रमांक वापरतो. पुढे तो गाव सोडून गेला की वर्षानुवर्षे कमावलेले नाव परक्याच्या हाती राहते. गटाच्या अध्यक्षा बदलल्या की हीच अडचण उद्भवते. यास्तव स्वतंत्र क्रमांक व स्वतंत्र ई-मेल घ्यावा, दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी आणि ही खाती कोणाच्या ताब्यात आहेत याचा ठराव गटाच्या इतिवृत्तात लिहावा. क्रमांक चालू ठेवणेही अगत्याचे आहे. दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो.

काही गोष्टी मात्र विनामूल्य होत नाहीत आणि त्या टाळूही नयेत. खाद्यपदार्थासाठी अन्न सुरक्षा नोंदणी आवश्यक आहे. वेष्टनावर निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष, उत्पादकाचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क दिलाच पाहिजे. धंद्यात जम बसल्यावर व्यापारचिन्हाची नोंदणी करावी. व्यक्ती व लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क दर वर्गास 4,500 रुपये ठेवण्यात आले, तर इतरांसाठी ते त्याच्या दुप्पट आहे. ही नोंदणी 10 वर्षांसाठी असून तिचे नूतनीकरण करता येते. विनामूल्य साधनांनी वाचलेला पैसा याच कामी लावणे शहाणपणाचे ठरेल.

गावाची जबाबदारी

एकट्या उद्योजकावर हे सारे सोपवून चालणार नाही. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी शासकीय संकेतस्थळावर निःशुल्क होते. तरीही मध्यस्थ तिच्यासाठी पैसे उकळतात. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लावणे हे सदस्यांना सहज जमण्यासारखे काम आहे. आपल्या गावाचे नाव व रस्ते नकाशावर बरोबर आहेत की नाहीत हेही त्यांनी पाहावे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना देवनागरी टंकलेखन, वस्तूचे प्रामाणिक वर्णन आणि खाते सुरक्षित ठेवण्याचे नियम शिकविले, तर त्या मुलांच्या घरचे छोटे दुकान हीच त्यांची प्रयोगशाळा होईल. अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणाच्या अखेरीस किती जण हजर होते एवढेच न मोजता, किती जणांची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने व स्वतःच्या क्रमांकावर झाली, हे मोजावे.

उमरेडच्या जुन्या विणकरांच्या मालाला कीर्ती होती, पण आपले नाव दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचविण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. आजच्या उत्पादकाच्या हाती ते साधन आहे आणि त्यासाठी त्याला फारसा खर्चही येत नाही. मालाची प्रत सांभाळावी, नाव स्वतःच्या ताब्यात ठेवावे आणि दिलेले वचन पाळावे. एवढे झाले तर उमरेडच्या पुडीवरील पत्ता वाचून दूरचा ग्राहक ती निःशंकपणे पुन्हा मागवील.