सुझॅनाबाईंचं संध्याकाळचं वेळापत्रक

इंग्लंडमधल्या एपवर्थ गावच्या धर्मगुरूंच्या पत्नी सुझॅना वेस्ली यांना 19 मुलं झाली. त्यांतली 10 जगली. अशा भरल्या घरात प्रत्येक मुलाशी देवाविषयी निवांत बोलायचं कधी? बाईंनी वारच वाटून दिले. सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, गुरुवारी जॅक, शनिवारी चार्ल्स. त्या संध्याकाळी आई त्या एकट्याची!

शिकवण्याचाही त्यांचा क्रम ठरलेला. मूल बोलू लागलं की प्रभूची प्रार्थना, उठताना आणि निजताना. पाच वर्षांचं झालं की अक्षरओळख, आणि लगेच वाचन, तेही बायबलच्या पहिल्याच वचनापासून. मुलींनी आधी नीट वाचायला शिकायचं, शिवणकाम मागाहून. त्या काळी हे मोठं धाडसच.

गुरुवारचा हा जॅक म्हणजे मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली. त्यांच्याच आग्रहावरून 1732 साली आईने मुलांना शिकवण्याची ही पद्धत पत्रात लिहून काढली.